काज-बटणांचा पडदा

दर जूनमध्ये आमच्या शाळेत एक निवडणूक लागायची. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला असलेली आमची शाळा पाचवी ते दहावीची. आठवीत आलेल्या पोरांना एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे. चित्रकला, बागकाम, शिवणकाम, आणि पुढं पुढं कॉम्प्युटर. विषय एकाच वर्षाचा, आठवड्याला चार तास. पण कुणाचा विषय चालतो आणि कुणाचा बंद पडतो, ते पोरांच्या हातातल्या एका कागदावर ठरायचं. संस्थेचा नियमच होता की वीसपेक्षा कमी पोरं असली तर तो वर्ग भरायचा नाही. आणि एकदा बंद पडलेला वर्ग पुन्हा सुरू झाल्याचं माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिलेलं नाही. हे अर्ज गोळा करायचं काम माझ्याकडं असे. मी गणिताचा मास्तर. मोजामोजीचं काम म्हटलं की सगळ्यांना मीच आठवायचो.

मग प्रचार सुरू व्हायचा. बागकामाचे गुरुजी शाळेच्या झाडाचे पेरू खिशात घालून वर्गात जात. चित्रकलेचे सर फळ्यावर दोन मिनिटांत मुख्याध्यापकांचं चित्र काढत, ते इतकं हुबेहूब यायचं की पोरं बाकं बडवायची. कॉम्प्युटरवाल्यांना तर तोंड उघडायचीही गरज नसे. शेख बाई सगळ्यांच्या शेवटी जायच्या. भाषण नाही, काही नाही. दारात उभ्या राहून वर्गावरून नजर फिरवायच्या. बटण तुटलेलं एखादं पोर दिसलं की त्याला उभं करायच्या, मनगटावर बांधलेल्या कापसाच्या गादीतली सुई काढायच्या आणि सगळा वर्ग बघत असताना त्याच्या शर्टाला बटण लावून द्यायच्या. दोरा दातानं तोडायच्या. "ज्याला यायचं त्यानं या," एवढं म्हणून चालू लागायच्या.

"बाई, चार शब्द बोलत चला की," मी एकदा म्हणालो. "निदान पेरू तरी वाटा."

"पेरू खाल्ला की पोरगं इसरतं, सर. बटण सांजपर्यंत अंगावर राहतंय."

आणि खरंच, पंचवीस-तीस अर्ज त्यांना मिळून जायचे. मुली जास्त, चार-दोन पोरं.

शेख बाई ठेंगण्या, काटक. फिकट रंगाच्या सुती साड्या नेसायच्या, साडीची इस्त्री कधी मोडलेली नाही. चपलांचा आवाज नाही. स्टाफरूममध्ये खिडकीखालची खुर्ची त्यांची, आणि टेबलाच्या या बाजूची माझी. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं, यावर स्टाफरूममध्ये दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांकडं पुरावा नव्हता. नगरला भावाचं मोठं घर होतं, एवढं माहीत होतं. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, कंडक्टर मात्र "नगर, नगर" असंच ओरडतो, आणि ईदच्या दिवशी पहाटेच्या त्या गाडीनं बाई जायच्या. गंमत म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत यायच्या. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांसाठी डबाभर शीरखुर्मा. आम्ही बोटं चाटत खायचो आणि विचारायचो, बाई, सण सोडून लगेच कशाला आलात, राहायचं की दोन दिवस.

"घर मोठं हाय," त्या म्हणायच्या. "माणसंबी लई. त्यात माझी जागा कुठली ते मला दर खेपेला शोधावं लागतं."

हे त्या हसून सांगायच्या. आम्हीही हसायचो. आता आठवलं की आमच्या हसण्याची लाज वाटते.

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. शिवणाच्या वर्गात पहिला महिना कुणालाही शिवायला मिळत नसे. पहिला महिना फक्त उसवायचं. प्रत्येकानं घरून एक जुना कपडा आणायचा आणि कापडाचा एकही धागा न तुटू देता तो सगळा सोडवायचा. बाही वेगळी, कॉलर वेगळी, खिसा वेगळा. मग ते तुकडे बाकावर मांडायचे आणि ओळखायचं की कुठला आधी जोडला होता आणि कुठला नंतर. "ज्याला उसवता येतं त्याला चुकायची भीती न्हाई," असं त्यांचं म्हणणं. पोरं पहिल्या आठवड्यात कंटाळायची, दुसऱ्या आठवड्यात चिडायची, आणि तिसऱ्या आठवड्यात घरातलं दिसेल ते उसवत सुटायची.

असंच एकदा वैशाली नावाच्या मुलीनं बापाचा सफारी उसवला. तो जुना होता हे खरं, पण साधा नव्हता. लग्नातला होता. पोटावर बसेनासा झाला म्हणून पेटीच्या तळाशी ठेवलेला. पोरीला वाटलं, वापरत नाहीत म्हणजे जुनाच. सोमवारी प्रार्थना संपायच्या आत बाप फटफटीवरून शाळेत. हातात पिशवी, पिशवीत सफारीचे तुकडे.

"कुठं हायती त्या शिवणाच्या बाई? पोरगी शिकायला घातली का चोर बाजारात घातली? माझ्या लग्नाचा सफारी हाय त्यो!"

मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. शेख बाई शांतपणे आल्या, पिशवी घेतली, एकेक तुकडा उजेडाला धरून पाहिला. "कुठं फाटलंय का, दाखवा," म्हणाल्या. बाप पाहायला लागला. कुठंही फाटलं नव्हतं. अस्तरसुद्धा सुटं सुटं, निवडलेल्या तांदळासारखं. "लई नेटकं उसवलंय तुमच्या पोरीनं," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी या."

चार दिवस बाई आणि वैशाली मधल्या सुट्टीत यंत्रावर बसलेल्या. शिवणीत आत दडवलेलं जेवढं कापड होतं तेवढं मोकळं केलं, काखेत दोन पट्ट्या घातल्या. शुक्रवारी तो बाप आला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतच सफारी घालून पाहिला. बारा-पंधरा वर्षांनी पोटावर बटण लागलं होतं.  पुढच्या महिन्यात शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला तोच सफारी घालून पहिल्या रांगेत बसला होता, आणि उन्हाळ्यासारखं उकडत असूनही त्यानं वरचं बटणसुद्धा काढलं नाही.

उसवून झालं की काज आणि बटण. इथं त्यांचा एक रिवाज होता, तो मला सगळ्या शाळेत मोलाचा वाटतो. दर वर्षीच्या वर्गाची एक पट्टी असे, चार बोटं रुंद आणि खिडकीच्या रुंदीएवढी लांब. पट्टीच्या खालच्या काठाला प्रत्येक पोरानं आपलं एक बटण लावायचं, हव्या त्या रंगाचं. आणि वरच्या काठाला प्रत्येकानं एक काज करायचं. हे काज स्वतःच्या बटणासाठी नसे. ते आदल्या वर्षीच्या पट्टीवरच्या बटणासाठी. मग नवी पट्टी जुन्या पट्टीला अडकवायची. अशा पट्ट्या एकीखाली एक अडकत जाऊन शिवणाच्या खोलीतल्या पश्चिमेच्या खिडकीला एक पडदा झाला होता. दर वर्षी चार बोटं वाढणारा. मी शाळेत लागलो तेव्हा तो खिडकीच्या अर्ध्यावर होता.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी व्हायलाच हवं, हा बाईंचा हट्ट. त्याचं कारण आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर पोरंही जातात, आणि वर्गातली निम्मी बाकं उन्हाळ्यापर्यंत रिकामी राहतात. आम्ही बाकीचे मास्तर हजेरीत शून्य मांडत बसायचो. बाई म्हणायच्या, "पोरगी जाग्यावर नसली तरी तिचं बटण जाग्यावर पाहिजे."

मला यातला अर्थ कळला तो राहुरीला. एका हिवाळ्यात तिथं आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र सुरू व्हायच्या आधी बाई पिशवी घेऊन निघाल्या. "कुठं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "चला, यायचं तर." एक रिक्षा, मग पाटाच्या कडेनं दोन किलोमीटर चाल. कारखान्याच्या बाजूला ऊसतोड्यांच्या कोप्या लागलेल्या, उसाच्या पाचटाच्या, माणूस वाकूनच आत जाईल अशा. आमच्या गावच्या टोळीचा पत्ता बाईंनी आधीच काढून ठेवला होता. त्यांच्या वर्गातल्या चार मुली तिथं होत्या. त्यांना पाहून पोरींना काही सुधरेना. एकीनं पटकन हात ओढणीखाली लपवले. पाचटानं कापून कापून हात रक्ताळलेले होते.

बाई खाली बसल्या, पिशवीतून जुन्या जीन पँटचे तुकडे काढले, सुया-दोरे काढले, आणि पोरींना हातमोजे शिवायला बसवलं. तासाभरात चार जोड झाले. जाडेभरडे, पण हाताला बसणारे. राणी नावाच्या मोठ्या मुलीनं मोजे घालून मूठ उघडून-मिटून पाहिली आणि मग खाली मान घालून विचारलं, "बाई, माझं बटण हाय का जाग्यावर?"

"हाय की. निळं. परवाच बघितलं."

राणी हसली. तिच्या पाठीमागं कडेवर तान्हा भाऊ घेतलेली एक बारकी पोरगी उभी होती, टक लावून सुईकडं बघत. "ही माझी कोमल," राणी म्हणाली. "आठवीत गेली की हिलाबी शिवण घ्यायचंय."   परतल्यावर सत्राला उशीर झाला म्हणून आम्हा दोघांना बोलणी बसली.

पन्नाशी ओलांडल्यावर बाईंचे डोळे गेले म्हणजे अगदी गेले नाहीत, पण सुईचं नाक दिसेनासं झालं. टीप सरळ मारायच्या, काज आंधळ्यानं करावं तसं बोटांनी करायच्या, फक्त दोरा ओवता येईना. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी सकाळी टेबलावरून मनगटाची गादी माझ्याकडं सरकवली. "सर, तेवढे दोरे ओवता का?" गादीत दहा सुया. मी ओवून दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो नेमच झाला. सकाळी प्रार्थनेआधी मी दहा सुया ओवायच्या, आणि तेवढ्या वेळात बाई बोलायच्या. एरवी मोजकं बोलणारी बाई त्या दहा सुयांपुरती मोकळी व्हायची. गावातल्या भाड्याच्या खोलीत पाल निघाली, भावाच्या नातवाला दात आला, कोबी महाग झाला, असलंच काहीतरी.

"अहो बाई, दोरा ओवायचं यंत्र मिळतं बाजारात," मी एकदा त्यांना सांगितलं. "एवढंसं असतं. आणून देतो."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं दोन हायत."

मी दहावी सुई ओवली आणि गादी परत दिली.

आता ज्या जूनबद्दल मला सांगायचं आहे तिथं येतो. इतका वेळ मी तिकडं जायचं टाळत होतो, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल.

त्या वर्षी ऑफिसच्या कोपऱ्यातले जुने कॉम्प्युटर मोडीत जाऊन शाळेला नवे मिळाले होते. पाच. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की कॉम्प्युटरचा वर्ग तिसाचा दाखवायचा आहे, वर तसं कळवून झालंय. अर्ज मोजले. कॉम्प्युटरला एकोणतीस. शिवणाला एकवीस. एक अर्ज इकडून तिकडं केला की कॉम्प्युटरला तीस होतात, आणि शिवणाला वीस उरतात, म्हणजे दोन्ही वर्ग चालतात. गणित सरळ होतं. शिवणाच्या गठ्ठ्यात वरचाच अर्ज कोमलचा होता. राणीची धाकटी बहीण. मी स्वतःशीच म्हटलं, शिवण काय, पोरगी घरीही शिकेल. कॉम्प्युटर तिला जन्मात कोण दाखवणार? तिचं भलंच होईल. कोरा अर्ज घेतला, तिचं नाव घातलं, कॉम्प्युटरवर खूण केली, आणि जुना अर्ज फाडून टाकला. तिला विचारलं नाही. बाईंना विचारलं नाही. पोराचं भलं कशात आहे हे मास्तरला न विचारताच कळतं, अशी आमच्या धंद्यातली जुनी समजूत आहे.

तिसऱ्या दिवशी शिवणाच्या गठ्ठ्यातल्या एका मुलीचा बाप येऊन दाखला घेऊन गेला. चाकणला नोकरी लागली म्हणून सगळं घर निघालं होतं. शिवणाला एकोणीस राहिले.

यादी पक्की व्हायला अजून चार दिवस होते. चार दिवसांत मी मुख्याध्यापकांना जाऊन एवढंच सांगायचं होतं की कोमलचा अर्ज मुळात शिवणाचा आहे. पण मग दुसरा अर्ज कुणी भरला, पहिला कुठं गेला, हे सांगावं लागलं असतं. मी रोज ठरवायचो आणि रोज खोलीच्या दारावरून परत यायचो. सकाळी बाईंच्या दहा सुया ओवायचो आणि खाली बघायचो. त्या वर्षी त्यांनी पोरांना विनवणी केली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आठवीच्या वर्गात जाऊन म्हणाल्या, "एक जण या रं. एकच पाहिजे." कुणी उठलं नाही. सगळ्यांचे कागद भरून झाले होते. कोमल तिसऱ्या बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी फळा पुसायला वळलो.

वर्ग बंद झाला.

कॉम्प्युटरना जागा हवी होती, आणि शाळेत विजेचे खटके धड असलेली एकच खोली होती, शिवणाची. शिवणयंत्रं पडवीत आली, मग गोदामात गेली. खिडकीला काळा पडदा लागला. बाईंनी त्यांचा पडदा स्वतः उतरवला, घडी घातली आणि छातीशी धरून आपल्या खोलीवर नेला म्हणे. मी त्या दिवशी रजा टाकली होती. पोट बिघडलंय असं कळवलं होतं, आणि खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून की काय, संध्याकाळी खरंच बिघडलं.

त्यानंतर तीन वर्षं शेख बाई शाळेत होत्या. वर्गाशिवाय. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली, खिचडीची नोंदवही आणि गैरहजर मास्तरांचे तास, असं जे जे कुणाला नको ते त्यांच्याकडं आलं.  त्यांनी तक्रार केली नाही. मधल्या सुट्टीत पडवीच्या टोकाला बसायच्या आणि येईल त्या पोराचं सुटलेलं शिवून द्यायच्या. पोरं पायरीवर एका हातानं पँट धरून रांगेत उभी राहायची. आणि रोज सकाळी टेबलावरून गादी माझ्याकडं यायची. दहा सुया. कोबी, पाल, भावाचा नातू. मी ओवत राहायचो. सांगून टाकू, असं रोज वाटायचं, आणि रोज दहावी सुई व्हायची.

कोमल दिवाळीपर्यंत कॉम्प्युटरच्या वर्गात होती. पाच यंत्रं आणि तीस पोरं, पुढं बसणारी पोरं ठरलेली. मी एकदा खिडकीतून पाहिलं तर ती सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. दिवाळी झाली, टोळी निघाली, ती गेली. उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिच्या हातांवर पाचटाचे ओरखडे होते. पुढच्या वर्षी ती आलीच नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी नारळ दिला, शाल दिली. "मी इथं लई वर्षं होते. सगळ्यांनी सांभाळून घेतलं," एवढं बोलून त्या खाली बसल्या. नगरला गेल्या नाहीत. पाथर्डीतच एका पिठाच्या गिरणीवर खोली घेतली. "खालून घरघर येत असती," म्हणाल्या. "कुणीतरी हाय असं वाटतं."

मी जायला सात-आठ महिने लावले. गेल्या डिसेंबरात, एका रविवारी दुपारी गेलो. लोखंडी जिना, पायऱ्यांवर पिठाचा थर, त्यावर येण्याजाण्याचे एकाच माणसाचे ठसे. बाईंनी दार उघडलं आणि मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. नजर आणखी अधू झाली होती. मग चेहरा असा फुलला की मला कुठं बघावं कळेना. "सर! या, या. बसा. चहा टाकते."

खोली एवढीशी. एक कॉट, एक पायमशीन, आणि खिडकीला तोच पडदा. खिडकी लहान असल्यामुळं तो चौकटीखाली हातभर लोंबत होता. नजर आपोआप सगळ्यात खालच्या पट्टीवर गेली. शेवटच्या वर्गाची. तेवीस बटणं, रंगीबेरंगी, उघडी. त्यांना अडकवायला पुढची पट्टी आलीच नव्हती. फक्त एका बटणाला काहीतरी अडकवलेलं होतं. हाताएवढा जीनचा तुकडा. त्याला एकच काज, वाकडंतिकडं, जाड दोऱ्यानं केलेलं.

"हे काय, बाई?"

बाई स्टोव्हकडं तोंड करून उभ्या होत्या. वळल्या नाहीत. "कोमलचं हाय ते," म्हणाल्या. "राणीची बहीण. वर्ग बंद झाला त्या दिवाळीला आली हुती, टोळीबरं जायच्या आदल्या दिवशी. हातमोज्याचा जुना तुकडा घेऊन. म्हणली, बाई, मी शिवणच लिवलं हुतं. सरांनी दुसरा कागद भरला. मला माझं काज करू द्या."

खाली गिरणी सुरू झाली. खोलीतल्या भांड्यांना बारीक कंप आला. त्या दिवाळीला. म्हणजे अडीच वर्षं. अडीच वर्षं रोज सकाळी त्यांनी गादी माझ्याकडं सरकवली होती, सगळं माहीत असताना.

"बाई," मी म्हणालो.  "माझं चुकलं. मी त्या चार दिवसांत बोलायला हवं होतं. तुम्ही मला का बोलला नाहीत? चार लोकांत माझी लाज काढायची होती."

त्यांनी चहा गाळला. दोन कप आणले, एक माझ्यापुढं ठेवला.

"बोलले असते तर तुमी दुसऱ्या दिवशी खुर्ची बदलली असती, सर," त्या म्हणाल्या. "वर्ग तर गेलाच हुता. सकाळचं बोलायलाबी कुणी उरलं नसतं."

मी चहा प्यालो. तो गार होईपर्यंत हातात धरून बसलो, असं म्हणायला हवं. मग त्यांनी नेहमीसारखी गादी माझ्याकडं सरकवली. या वेळी गादीत दहा सुया नव्हत्या. घरातल्या होत्या तेवढ्या सगळ्या टोचून ठेवल्या होत्या, दाटीवाटीनं. मी खिडकीशी बसून ओवायला घेतल्या. पांढरा, काळा, निळा, पुन्हा पांढरा. बाई बोलत होत्या. गिरणीवाल्याची सून बाळंत झाली, खालच्या मांजरीला चार पिल्लं झाली, भावाचा नातू आता शाळेत जातो. माझेही डोळे आता पहिले राहिलेले नाहीत. दोन-तीन सुयांना वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. शेवटची सुई ओवून झाली तेव्हा उन्हं कलली होती.

"एवढ्या पुष्कळ दिवस पुरतील," मी म्हणालो.

"न्हाई पुरायच्या," त्या म्हणाल्या. "मी रोज शिवते."

जिना उतरून मी रस्त्यावर आलो आणि एस.टी. स्टँडच्या वळणावर मागं पाहिलं. वर खिडकी उघडी होती. वाऱ्यानं पडद्याचं शेवटचं टोक बाहेर आलं होतं, आणि त्याच्या एका बटणाला तो जीनचा तुकडा लोंबत होता. आतून एक हात आला. तुकडा निसटला तर नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं, बटण काजात पुन्हा नीट बसवलं, आणि पडदा आत ओढून घेतला.